खिडकीच्या खाचेतली धूळ: जुन्या घराच्या दुरुस्तीचं एक प्रकरण

सत्तरेक वर्षांचं दुमजली घर, लाकडी खिडक्या-दारं, बाल्कनीला लोखंडी कठडा, मागे एक अडगळीची शेड. राहणारी माणसं चार: नवरा, पाच महिन्यांची गरोदर बायको, अडीच वर्षांची मुलगी आणि तिची आजी. नवं बाळ यायच्या आत वरच्या दोन खोल्या नीट करून घ्यायच्या म्हणून काम काढलं. दुसरीकडे राहायला जाण्याची सोय नव्हती, तेव्हा घरात राहूनच एकेक खोली उरकायची असं ठरलं.

रंगाऱ्याने खिडक्यांपासून सुरुवात केली. जुन्या रंगाचे पोपडे सुटले होते. त्यावर नवा रंग मारला असता तर वर्षभरात तोही सुटला असता. म्हणून त्याने आधी पोपडे खरवडले आणि मग सगळ्या चौकटींवरून सँडिंग मशीन फिरवलं. आपल्या कामाच्या दृष्टीने तो चोखच वागत होता. खोलीभर पांढरट धूळ बसायची. संध्याकाळी केरसुणीने केर निघायचा, सुपलीतली धूळ खिडकीखालच्या मातीत टाकली जायची आणि मुलगी पुन्हा त्याच खोलीत खेळायला जायची.

काही दिवसांनी ती किरकिर करू लागली. जेवण टाकायची, पोट दुखतं म्हणायची, शौचाला कडक व्हायचं. या वयाच्या मुलांमध्ये ही तक्रार इतकी नेहमीची आहे की औषध लिहून देऊन घरी पाठवलं असतं तरी कुणाला वावगं वाटलं नसतं. पण त्यांच्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला: घरात काही तोडफोड, रंगकाम चालू आहे का? हो म्हटल्यावर दुसरा प्रश्न: घर किती जुनं? आणि मग, जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून, त्यांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. या प्रकरणात जे काही वाचलं, ते या दोन प्रश्नांमुळे वाचलं असं मी मानते.

बोटातून घेतलेल्या रक्तात प्रति डेसिलिटर २२ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. बोटाला धूळ चिकटलेली असली तर हा आकडा फुगतो, म्हणून शिरेतून रक्त घेऊन खात्री करावीच लागते. तो आकडा आला १६. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ किंवा त्याहून जास्त आकडा आला की शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं असतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने त्याच वर्षी आपला संदर्भ आकडा ३.५ वर आणला. आणि सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी माहीत नाही, हे दोघंही सांगतात.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. १६ च्या पातळीला बहुतेक मुलांमध्ये काहीच लक्षणं दिसत नाहीत. मुलीचं पोट शिशामुळेच दुखत होतं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पोट दुखलं म्हणून तपासणी झाली, एवढंच खरं. तेवढं शिसं अंगात असूनही खेळत-बागडत राहणाऱ्या मुलांची तपासणी होत नाही, आणि काळजी खरी त्यांची आहे, कारण शिसं वाढत्या मेंदूवर काम करतं आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही.

मी जुन्या इमारतींच्या तपासणीचं काम करते. डॉक्टरांनी या कुटुंबाला माझ्याकडे पाठवलं. घर आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

पहिल्या दिवशी काय केलं

फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या. काम आहे तिथे थांबवा, आणि केर काढू नका.

दुसरी गोष्ट आजींना पटेना. घर धुळीने भरलंय, त्यामुळे नात आजारी पडलीय, आणि ही बाई म्हणते झाडू नका! त्यांची घालमेल मला समजत होती. पण ज्या धुळीची भीती आहे ती डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नसते. मशीनने बारीक केलेली धूळ इतकी हलकी असते की केरसुणी फिरवली की ती उठते, तासन्‌तास हवेत तरंगते आणि जिथे नव्हती त्या खोल्यांत जाऊन बसते. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट. त्याची पिशवी जाड कचरा धरून ठेवते आणि बारीक धूळ मागच्या बाजूने फवाऱ्यासारखी बाहेर सोडते. नवऱ्याने त्याच रात्री तो चालवायची तयारी केली होती.

मुलगी आणि तिची आई त्याच संध्याकाळी नातेवाइकांकडे गेल्या. जाण्यापूर्वी दोघींनी अंघोळ करून कपडे बदलले. सोबत घेतली ती फक्त धुता येतील अशी खेळणी, तीही साबणाच्या पाण्यातून काढून. कापडी अस्वल मागे ठेवावं लागलं आणि त्यावरून बरंच रडणं झालं. काम झालेल्या खोलीचं दार बंद करून दाराच्या चारी बाजूंना जाड प्लॅस्टिक आणि टेप लावला. पंखे बंद. चपला दाराबाहेर. उंबऱ्याशी ओलं फडकं.

मी पोचले तेव्हा आजींनी तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक जुन्या घरात कुणी ना कुणी विचारतंच. "चाळीस वर्षं याच खिडक्या उघडतेय मी. आमची मुलं इथेच वाढली. आम्हाला काय झालं?"

"आजी, तेव्हा रंग लाकडाला घट्ट धरून होता," मी म्हटलं. "तो लाकडावर असतो तोवर फारसं बिघडत नाही. आता त्याचं पीठ झालंय आणि ते जमिनीवर आहे. आणि जमिनीवर कोण रांगतं, हात तोंडात कोण घालतं?"

त्या गप्प झाल्या, पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पूर्वीही काहीच झालं नसेल असं नाही. तेव्हा कुणाचं रक्त तपासलं गेलं नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त.

नवऱ्याला पटलं ते मात्र गणिताने. एक चौरस सेंटिमीटर रंगात एक मिलिग्रॅम शिसं असलं की अमेरिकी नियमात तो शिशाचा रंग ठरतो. जुन्या लाकडावर यापेक्षा कितीतरी जास्त सापडतं. पण हा किमान आकडा धरला आणि फक्त एक चौरस फूट रंग घासून त्याची धूळ दहा बाय दहाच्या खोलीत सारखी पसरली असं मानलं, तर दर चौरस फुटाला सुमारे ९,३०० मायक्रोग्रॅम शिसं पडतं. आणि त्याच देशात जमिनीवरच्या धुळीत धोका मानायची मर्यादा २०१९ मध्ये ४० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली गेली, त्यानंतर ती आणखी खाली आली. इथे तर चार अख्ख्या खिडक्या घासल्या होत्या.

रंगात शिसं आलं कुठून

शिशाची संयुगं रंगात मुद्दाम घातली जात. पांढऱ्या रंगाला झाकण्याची ताकद त्यांनी मिळे, पिवळा आणि नारिंगी रंग त्यांनी झळझळीत होई, तेलरंग लवकर वाळे, लोखंडावर गंज धरत नसे. रंग म्हणून तो उत्तमच होता. अपाय माहीत नव्हता असंही नाही. १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी मुलांच्या शिसेबाधेचं मूळ घरांच्या व्हरांड्यांना आणि कठड्यांना दिलेल्या रंगात आहे, असं मांडलं होतं. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घराच्या आतल्या रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापरावर बंधन घालणारा करार केला. तरी अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. भारतात दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. अनेक देशांत अजूनही असं काहीच बंधन नाही.

आणि हे सगळे नियम नव्या डब्यातल्या रंगाचे. भिंतीवर, चौकटीवर आधीच बसलेल्या थरांना ते हात लावत नाहीत. म्हणून जुन्या घरात पहिला प्रश्न असतो तो शेवटचा नाही, सर्वांत पहिला रंग कधी लागला याचा.

तपासणीत काय निघालं

एक्सआरएफ हे पिस्तुलासारखं हातात धरायचं यंत्र असतं. रंगावर टेकवलं की क्ष-किरणांच्या साहाय्याने खालच्या सगळ्या थरांतलं शिसं ते मोजतं, रंग खरवडावा लागत नाही. दुकानात मिळणाऱ्या, रंग बदलणाऱ्या काड्यांवर मी निर्णय घेत नाही. त्या वरच्या थरापुरतं सांगतात आणि कधी कधी तेही चुकीचं. यंत्र मिळत नसेल तर लाकडापर्यंतचे सगळे थर धरून छोटा तुकडा प्रयोगशाळेत पाठवणं हा चांगला मार्ग.

भिंतींत जवळपास काही नव्हतं. त्यांवर वर्षानुवर्षं चुना आणि डिस्टेंपरच लागलं होतं. खिडक्या, दारं आणि जिन्याचा कठडा यांत भरपूर. सर्वांत जास्त बाल्कनीच्या लोखंडी गजांच्या तळच्या नारिंगी थरात, ज्याला अजून कुणी हात लावला नव्हता. रंगारी पुढच्या आठवड्यात तिथेच जाणार होता.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती जागा मात्र खिडकीची खालची खाच. या घरातल्या झडपा वरखाली सरकणाऱ्या होत्या. झडप वर उचलून खाचेत पाहिलं तर तिथे राखाडी पिठासारखा थर, त्यात मेलेल्या किड्यांचे पंख आणि रंगाचे तांदळाच्या कण्यांएवढे कपचे. ही धूळ मशीनची नव्हती. ज्या खोलीत कामाला सुरुवातही झाली नव्हती त्या खोलीतल्या खाचेतही ती होती. झडप सरकली की लाकूड लाकडावर घासतं आणि दर वेळी थोडा रंग झडतो. म्हणजे दुरुस्ती काढली नसती तरी ही खाच रोज थोडी थोडी धूळ तयार करत राहिली असती, आणि ती खाच अडीच वर्षांच्या मुलीच्या बरोबर छातीच्या उंचीवर होती. खिडकीत उभं राहून बाहेर बघणं हा तिचा आवडता उद्योग होता, हे आजींनीच सांगितलं.

एवढं निघाल्यावर बाकीचं घरही पाहणं भाग होतं. शिशाच्या काळातलं घर म्हणजे बहुधा ॲस्बेस्टॉसच्याही काळातलं घर. ॲस्बेस्टॉस म्हणजे बांधकामाच्या सामानात घातलं जाणारं तंतुमय खनिज. त्याचे बारीक तंतू श्वासात गेले की कर्करोग होऊ शकतो. ब्रिटनने ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आणली, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, युरोपीय संघाने २००५ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये. काही देशांत ते आजही विकलं जातं. नुसत्या नजरेने कुणीही ओळखू शकत नाही. अनुभवी माणूस फार तर शंका घेऊ शकतो, खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. नमुना घ्यायचा तर ती जागा साबणाच्या पाण्याने भिजवायची, नखाएवढा तुकडा घ्यायचा, दोन पिशव्यांत बंद करायचा आणि उघडी पडलेली कड टेपने झाकायची. हेही शक्यतो जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं.

तीन ठिकाणी ॲस्बेस्टॉस निघालं: शेडवरच्या सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यांत, मागच्या खोलीतल्या जुन्या टाइल्सखालच्या काळ्या चिकट थरात, आणि जिन्याखालून जाणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपावरच्या पांढऱ्या वेष्टणात.

सगळं उखडून टाकू

अहवाल वाचल्यावर नवऱ्याची पहिली प्रतिक्रिया हीच होती. टाइल्स फोडा, पत्रे उतरवा, पाइप काढा, खिडक्या जाळा. मी माझ्या कामात हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. धोका माहीत नसताना जेवढी धूळ उडते, त्याहून जास्त तो कळल्यावर घाबरून केलेल्या तोडफोडीत उडते. या प्रकरणात माझं काम निम्मं तपासणीचं होतं आणि निम्मं ही तोडफोड थोपवण्याचं.

एकच पदार्थ, एकाच घरात, तीन ठिकाणी. आणि तिन्हींचा निर्णय वेगळा झाला.

टाइल्स घट्ट बसलेल्या होत्या, एकही फुटलेली नव्हती. ॲस्बेस्टॉसचे तंतू खालच्या चिकट थरात पक्के अडकलेले होते. ठेकेदाराचा बेत त्या हातोड्याने फोडून खालचा काळा थर मशीनने घासून काढायचा होता. तसं केलं असतं तर न सुटणारे तंतू सुटे झाले असते. टाइल्स तशाच ठेवल्या आणि त्यांवरून नवी जमीन घातली. दाराला खालून किंचित कापावं लागलं, एवढाच त्रास. ठेकेदाराला हे अर्धवट काम वाटलं. मला तो या घरातला सर्वांत बरोबर निर्णय वाटतो.

शेडचे पत्रे जुने, शेवाळलेले, पण अखंड होते. ते प्रेशरच्या पाण्याने धुऊन रंगवायचे ठरले होते. प्रेशरचं पाणी पत्र्याचा वरचा झिजलेला सिमेंटचा थर सोलून काढतं आणि आतले तंतू पाण्याबरोबर अंगणात पसरतात. ते रद्द केलं. पत्रे जागच्या जागी राहिले. त्यांत भोकं पाडायची नाहीत, कापायचे नाहीत, वर चढायचं नाही. पुढे कधी काढायचेच झाले तर ओले करून, स्क्रू सोडवून, एकेक अख्खा पत्रा उतरवायचा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठरलेल्या ठिकाणीच द्यायचा.

पाइपावरचं वेष्टण मात्र एका वळणावर फाटलं होतं आणि बोटाने दाबलं तर भुगा होईल इतकं ठिसूळ होतं. जिन्याखालचं कपाट उघडताना त्याला धक्का लागे. हे ठेवण्यासारखं नव्हतं आणि घरच्यांनी किंवा साध्या प्लंबरने काढण्यासारखं तर अजिबातच नव्हतं. कपाट सील केलं आणि परवानाधारक लोकांना बोलावलं. त्यांनी जागेभोवती प्लॅस्टिकची बंद खोली उभारून, आतली हवा फिल्टरमधून बाहेर खेचत ते काढलं आणि जाण्याआधी हवेची तपासणी दुसऱ्या संस्थेकडून करून घेतली. काढणारा आणि तपासणारा एकच नसावा, यावर मी अडून बसते. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, तंतू श्वासात गेल्यानंतर वीस-चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. आज कुणाला खोकला आला नाही म्हणून काम नीट झालं असं मानता येत नाही, म्हणून मोजमाप लागतं.

स्वच्छता

शिशाच्या धुळीची स्वच्छता हे कंटाळवाणं, पाठ मोडणारं काम आहे आणि त्यात हुशारी चालत नाही. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम लागतो. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतो. छतापासून खाली आणि लांबच्या कोपऱ्यापासून दाराकडे असं यायचं. मग ओलं पुसणं, दोन बादल्या घेऊन: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी. साधं पाणी गढूळ दिसलं की बदलायचं. फडकी पुन्हा वापरायची नाहीत. वाळल्यावर पुन्हा हेपा व्हॅक्यूम. गालिचा आम्ही टाकूनच दिला, कारण त्याच्या लोकरीतून ही धूळ पूर्ण निघेल याची खात्री देता येत नाही. खिडकीखालच्या मातीचा वरचा थर काढून पिशव्यांत भरला आणि तिथे नवी माती टाकून दाट झुडपं लावली, म्हणजे मुलं तिथे खेळायला बसणार नाहीत. कापडी अस्वल मात्र दोनदा धुऊन परत मिळालं.

त्यानंतर जमीन, खिडकीचा कठडा आणि खाच अशा तीन प्रकारच्या जागा ओल्या पट्ट्यांनी पुसून त्या पट्ट्या प्रयोगशाळेत पाठवल्या. घर डोळ्यांना लख्ख दिसत होतं. मुलीच्या खोलीची खाच नापास झाली. पुन्हा साफ केली, दुसऱ्यांदाही ती मर्यादेच्या वरच आली. कारण उघड होतं: साफ करणारे लोक झडप वरखाली करत होते आणि दर वेळी नवी धूळ पडत होती. घासणाऱ्या पृष्ठभागावर कोणताही लेप टिकत नाही, आणि वरून साधा रंग मारणं म्हणजे तर उपायच नव्हे. वरच्या मजल्यावरच्या झडपा आणि त्यांच्या पट्ट्या काढून नव्या बसवल्या. बाहेरच्या चौकटी घासत नव्हत्या. त्या पाणी मारत हाताने खरवडून, शिसं बंदिस्त करणाऱ्या खास लेपाने झाकल्या. दारांच्या फक्त घासणाऱ्या कडा रंध्याने ओल्या तासल्या. बाल्कनीच्या कठड्याचा रंग आम्ही खरवडलाच नाही. मुलं चावतील अशी वरची दांडी लाकडी आवरणाने झाकली आणि बाकीचा रंग घट्ट आहे तोवर तसाच राहील.

ठेकेदाराने मध्येच ब्लो टॉर्चने रंग जाळून काढायचं सुचवलं होतं. ते कधीच करू नये. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वर शिशाची वाफ निघते आणि ती थेट फुप्फुसात जाते. रंग विरघळवणाऱ्या द्रावणांपैकी मिथिलीन क्लोराइड असलेली टाळावीत. बंद खोलीत त्याच्या वाफांनी माणसं जागीच मेली आहेत, आणि अमेरिकेने २०१९ मध्ये अशी द्रावणं घरगुती ग्राहकांना विकायला बंदी घातली.

रंगारी

अशा प्रकरणांच्या अहवालात ज्याचं नाव बहुधा येत नाही, तो माणूस म्हणजे रंगारी. सगळ्यांची काळजी मुलीभोवती होती, आणि ते साहजिकच होतं. पण त्या धुळीत दिवसभर उभा होता तो. तोंडाला रुमाल बांधून. रुमाल या धुळीला अडवत नाही. निदान एन-९५ मास्क चेहऱ्याला चपखल बसवून लागतो, आणि ॲस्बेस्टॉसला तोही पुरत नाही.

त्याला तपासणी करून घ्यायला सांगितलं तेव्हा तो तयार नव्हता. आजारी म्हणून नोंद झाली तर काम कोण देणार, ही त्याची भीती. नवऱ्याने तपासणीचा खर्च आणि बुडालेले दिवस भरून दिले, तेव्हा तो आला. आकडा ३१. गेल्या काही वर्षांपासूनची डोकेदुखी, हातातली कणकण आणि चिडचिड हे सगळं तो उन्हावर आणि वयावर ढकलत होता. मग डॉक्टरांनी विचारलं की तुझ्या घरी लहान मुलं आहेत का. कामावरचे कपडे घालूनच तो घरी जायचा आणि दारात धाकटा मुलगा पायाला मिठी मारायचा. त्या मुलाच्या रक्तात ८ निघालं. त्याच्या घरात शिशाचा रंग नव्हता. शिसं बापाच्या शर्टावरून घरी येत होतं.

हे मला या प्रकरणातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. घरमालकाचं एक काम संपतं, रंगाऱ्याचं संपत नाही. आज तो कामाचे कपडे कामावरच बदलतो, वेगळ्या पिशवीत नेऊन वेगळे धुतो, खाण्याआधी आणि विडी ओढण्याआधी हात-तोंड साबणाने धुतो, आणि जुन्या लाकडावर पाण्याचा फवारा मारल्याशिवाय पत्री लावत नाही. पण ओल्या कामाला दुप्पट वेळ लागतो, आणि तो दर लावतो तेव्हा कोरडं घासणारा दुसरा माणूस त्याच्याहून स्वस्तात काम घेऊन जातो. जुन्या घराची दुरुस्ती काढणाऱ्यांनी हा जास्तीचा वेळ आपल्या हिशोबात धरला पाहिजे. तो धरला नाही तर त्याची किंमत कुणाच्या तरी मुलाच्या रक्तात जमा होते.

बाकीच्या तपासण्या

नळाच्या पाण्याचे दोन नमुने घेतले: रात्रभर थांबलेलं सकाळचं पहिलं पाणी आणि थोडा वेळ वाहून गेल्यानंतरचं. पहिल्यात शिसं थोडं होतं, दुसऱ्यात नव्हतं, म्हणजे दोष मुख्य वाहिनीत नसून जुन्या नळात आणि सांध्यात. नळ बदलले. जागतिक आरोग्य संघटनेची पाण्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. पाणी उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटतं आणि शिसं दाट होतं.

रेडॉन हा जमिनीतून येणारा, वास-रंग नसलेला किरणोत्सारी वायू. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते महत्त्वाचं कारण आहे. तळमजल्यावर मोजणी ठेवली. ती दोन-चार दिवसांची नाही, काही महिन्यांची असावी, कारण पातळी ऋतूप्रमाणे बदलते. घनमीटरला १०० बेकेरेल (किरणोत्साराचं एकक) ही जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी आहे. इथे ती ओलांडली गेली नाही. गरम पाण्याच्या गॅस यंत्राच्या धुराड्यात जुन्या घरट्याचा कचरा निघाला. तो काढला आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला.

सध्याची स्थिती

मुलीला रक्तातून शिसं काढणारं औषध दिलं गेलं नाही. ते मुलांमध्ये साधारण ४५ च्या वर विचारात घेतात, आणि शिशाचा स्रोत घरात तसाच असताना ते देणं धोक्याचंही ठरू शकतं. तिचा उपचार म्हणजे धुळीपासून दूर ठेवणं आणि लोह-कॅल्शियम भरून काढणं. तिच्यात लोह कमी होतं. घर पास झाल्यावरच ती परत आली. आकडा आधी झपाट्याने उतरला, मग रेंगाळला. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत साठलेलं वर्षानुवर्षं हळूहळू रक्तात झिरपत राहतं. आईचा आकडा ६ होता. गरोदरपणात हाडांतून कॅल्शियमबरोबर शिसंही सुटतं आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतं, म्हणून तिला कॅल्शियम सुरू केलं आणि बाळाच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त तपासलं. ते ५ च्या खाली होतं.

घराचा एक नकाशा करून दिला आहे. नव्या जमिनीखाली काय आहे, कोणत्या चौकटींवर लेप आहे, बाल्कनीच्या कठड्याच्या तळच्या थरात काय आहे आणि पत्र्यांना काय करायचं नाही, हे त्यावर जागेसकट लिहिलंय. एक प्रत मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवली आहे, कारण ड्रिल घेऊन येणारा माणूस आधी तिथे जातो. लेप लावलेल्या चौकटी वर्षातून एकदा पाहायच्या आहेत. मुलीचा शेवटचा आकडा ५.२ आला आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, आणि तिची भाषा, एकाग्रता, शाळेतलं शिकणं यांवर डॉक्टर पुढची काही वर्षं लक्ष ठेवणार आहेत.